दोष फर्स्ट स्टेजचा, पाना सेकंड स्टेजवर : रेग्युलेटरबाबतच्या या चुका टाळा

पावसाळा सरून ऑक्टोबरमध्ये मालवण-तारकर्लीकडचा स्कूबा डायव्हिंगचा हंगाम सुरू झाला की दुरुस्तीसाठी येणाऱ्या रेग्युलेटरमधले, म्हणजे टाकीतील हवा श्वासायोग्य दाबावर आणणाऱ्या उपकरणातले, दोष उघडून पाहण्याआधीच सांगता येतात, कारण दरवर्षी ते तेच असतात. उपकरणे बदलतात, किमती वाढतात, डब्यांवरची चित्रे अधिक झगझगीत होतात, पण लोक चुका मात्र जुन्याच करतात. त्यांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : तोंडात असतो तो भाग (सेकंड स्टेज) लोकांना कळतो आणि टाकीवर बसतो तो (फर्स्ट स्टेज) कळत नाही. त्यामुळे खरेदी करतानाची पसंती आणि बिघाड झाल्यावरचा पाना, दोन्ही चुकीच्या जागी पडतात.

रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. टाकीतील सुमारे २०० बार दाबाची हवा फर्स्ट स्टेज सभोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतक्या पातळीवर आणते. हा मधला दाब, ज्याला दुरुस्ती करणारे सगळे ‘आयपी’ म्हणतात, होजमधून, म्हणजे नळीतून, सेकंड स्टेजकडे जातो आणि तेथे श्वास ओढताच तो सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका होऊन हवा तोंडात येते. पुढे जे काही लिहिले आहे त्यात हा आयपी पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुकानात श्वास ओढून निवड करणे

पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. ग्राहक सेकंड स्टेज हातात घेतो, टाकी न जोडता ओढून पाहतो आणि एक हलका, दुसरा जड असा निकाल देतो. टाकी न जोडता ओढल्याने फार तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर जाण्याची झडप) गळका आहे का एवढे कळते. श्वासाच्या सुलभतेविषयी त्यातून काहीही कळत नाही. भरलेली टाकी जोडून जमिनीवर ओढले तरी निकाल फसवाच असतो, कारण समुद्रसपाटीवर आणि २०० बारवर साधा रेग्युलेटरही लोण्यासारखा चालतो. किंबहुना सेकंड स्टेजची स्प्रिंग जरा सैल लावलेली असेल, तर स्वस्तातला रेग्युलेटर महागापेक्षाही हलका वाटू शकतो. झडप उघडण्यासाठी लागणारी सुरुवातीची ओढ आणि संपूर्ण श्वास घेण्या-सोडण्याला लागणारे एकूण श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जमिनीवर जाणवते ती केवळ पहिली.

खरी तुलना तीन ठिकाणी होते : टाकीत ५० बार उरलेले असताना, खोलीवर, आणि एकाच फर्स्ट स्टेजवर दोन माणसे एकाच वेळी श्वास घेत असताना. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार असतो, म्हणजे तीच हवा चौपट दाट झालेली असते आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा यंत्रणेतून जावी लागते. युरोपचे ईएन २५० हे मानक याच हेतूने रेग्युलेटरची चाचणी ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर इतक्या जोरकस श्वसनावर घेते आणि श्वसनाचे श्रम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत असावेत असे सांगते. ज्यावर हे मानक छापलेलेच नाही असा रेग्युलेटर मी कोणालाही घेऊ देत नाही. मात्र ज्यांच्यावर ते आहे अशा दोन रेग्युलेटरमध्ये दशांशाच्या फरकावरून भांडत बसणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. जाहिरातीतला आकडा कोणत्या खोलीवरचा आणि कोणत्या श्वसनगतीवरचा आहे हे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड हा फरक मात्र समजून घेण्याजोगा आहे. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये टाकीतील दाब झडप उघडण्यास मदत करतो; टाकी रिकामी होत गेली की ती मदत कमी होते, आयपी बारभर किंवा त्याहूनही अधिक घसरतो आणि डाइव्हच्या अखेरीस श्वास जड होतो. बॅलन्स्ड पिस्टन किंवा बॅलन्स्ड डायफ्राम असलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये हा फरक जाणवण्याइतका राहत नाही. याचा अर्थ अनबॅलन्स्ड टाकाऊ असा नव्हे. आठ-दहा मीटरच्या आत नवशिक्यांना पाण्याखाली नेणाऱ्या केंद्रासाठी स्कूबाप्रोच्या एमके२ सारखा मोजक्या भागांचा, दणकट पिस्टन रेग्युलेटर ही अत्यंत शहाणपणाची निवड आहे, आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांनी कधी पाच-पन्नास रेग्युलेटर सांभाळून दाखवावेत. अंदमानात ३० मीटरपर्यंत जाणाऱ्या आणि सोबत्याला आपल्या ऑक्टोपसवरून (जादा सेकंड स्टेजवरून) हवा देण्याची वेळ येऊ शकेल अशा माणसाने मात्र बॅलन्स्डच घ्यावा.

याच ओघात थंड पाण्याविषयी. कोकणातील पाण्यात रेग्युलेटर गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मानकाच्या शिक्क्याशेजारी ‘१० अंशांपेक्षा अधिक’ अशी खूण असलेला रेग्युलेटरही येथे पुरतो, तेव्हा गोठणरोधक जोडण्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. तथापि, ज्या सीलबंद रचनेमुळे थंड पाण्यात बर्फ होत नाही, तीच रचना गढूळ पाण्यात रेती, गाळ आणि मीठ आतल्या स्प्रिंगपर्यंत पोहोचू देत नाही. सीलबंद डायफ्राम घ्यायचा तो या कारणाने. उघड्या पिस्टनच्या स्प्रिंगभोवती मिठाचे खडे जमतात आणि तो अधिक वेळ गोड्या पाण्यात भिजवावा लागतो, एवढे पथ्य पाळणार असाल तर पिस्टनही उत्तम.

तुलनेच्या तक्त्यात कोणीही न लिहिणारा रकाना म्हणजे सुटे भाग. सीट (झडप मिटवणारी गादी) आणि ओ-रिंग (हवा गळू न देणारे रबरी कडे) यांचा संच कोणाकडे मिळतो, त्या कंपनीचे प्रशिक्षण घेतलेला माणूस किती अंतरावर आहे आणि रेग्युलेटर पाठवल्यावर किती आठवड्यांनी परत येतो, हे विचारल्याशिवाय परदेशातून स्वस्तात मागवलेला रेग्युलेटर स्वस्त ठरत नाही.

सूं आवाज आला की सेकंड स्टेज आवळणे

ही माझी खास नावडती चूक आहे, त्यामुळे तिच्यावर सविस्तर लिहितो.

एका हंगामात पुण्याचा एक तरुण अभियंता स्वतःचा रेग्युलेटर घेऊन किनाऱ्यावर आला होता. बॅलन्स्ड डायफ्राम, चांगल्या कंपनीचा, वापरलेला म्हणून इंटरनेटवरून घेतलेला. टाकी उघडली की सेकंड स्टेज शांत असे; मिनिटभराने तिच्यातून बारीक सूं आवाज सुरू होई, एक श्वास घेतला की थांबे आणि पुन्हा थोड्या वेळाने सुरू होई. त्याने एक चित्रफीत पाहून ऑरिफिस, म्हणजे सीट ज्यावर टेकते ते हवेचे तोंड, फिरवण्याचे हत्यार मागवले होते आणि प्रत्येक वेळी तो ते थोडे आवळत असे. मी विचारले तेव्हा त्याचे उत्तर होते, “थोडं आवळलं की थांबतं, काका.” थांबत होते हे खरेच, वायसर झिजलेला नळ आणखी पिळला की तोही तेवढ्यापुरता थांबतोच.

बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला आयपी गेज लावला. टाकी उघडताच काटा साडेनऊ बारवर आला आणि तेथे थांबण्याऐवजी सरकत राहिला : दहा, सव्वादहा, अकरा. अकराच्या पुढे गेल्यावर कुठे सेकंड स्टेज सूं करू लागली. याचा अर्थ उघड होता. फर्स्ट स्टेजमधील उच्च दाबाची सीट झिजली होती, झडप पूर्ण मिटत नव्हती आणि टाकीतील हवा झिरपून होजमधला दाब वाढवत होती. सेकंड स्टेजची झडप दाब वाढला की आपोआप उघडेल अशीच केलेली असते. होज फुटू नये म्हणून ती जादा हवा बाहेर सोडत होती. ती बिघडलेली नव्हती, आपले काम करत होती. त्या तरुणाने प्रत्येक वेळी ती आवळून एवढेच साधले होते की धोक्याची सूचना उशिरा मिळावी.

सेकंड स्टेज उघडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ऑरिफिसची धार वारंवार दाबली गेल्यामुळे रबराच्या सीटवर खोल, गोल खाच पडली होती, नखाने चाचपता येईल इतकी. म्हणजे फर्स्ट स्टेजच्या दोषापायी सेकंड स्टेजचीही सीट वाया गेली. झडप उघडायला लागणारी ओढही दुपटीहून अधिक झाली होती आणि हा गृहस्थ महिनोन्‌महिने ‘माझी हवा लवकर संपते, मला अजून सवय नाही’ असे समजून स्वतःच्या श्वसनाला दोष देत होता.

तेव्हा आवाज आला की प्रथम गेज, मग पाना. आयपी गेज काही हजार रुपयांत मिळतो आणि माझ्या मते ज्याच्याकडे स्वतःचा रेग्युलेटर आहे त्याच्याकडे तो असलाच पाहिजे. माझी पद्धत अशी आहे : गेज जोडायचा, टाकी सावकाश उघडायची, दोन-चार वेळा पर्ज बटन (सेकंड स्टेजवरचे हवा सोडण्याचे बटन) दाबायचे आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचे. थांबल्यानंतर तो किंचित, पाव बारभर, वर सरकून स्थिर झाला तर चालते. पाच मिनिटे गेज तसाच ठेवून काटा सरकतच राहिला, तर दोष फर्स्ट स्टेजमध्ये आहे आणि सेकंड स्टेजला हात लावायचा नाही. काटा निश्चल असूनही आवाज येत असेल, तरच सेकंड स्टेज उघडण्यात अर्थ आहे. हीच पाहणी एकदा भरलेल्या आणि एकदा ५० बारच्या आसपास आलेल्या टाकीवर केली, तर बॅलन्स्ड म्हणून विकलेला रेग्युलेटर खरोखर तसा वागतो का तेही कळते. वापरलेला रेग्युलेटर विकत घेण्यापूर्वी मी या दोन नोंदी मागतो. विकणारा त्या देण्यास नाखूश असेल तर व्यवहार तेथेच संपतो. एक सावधगिरी : गेज लावताना किमान एक सेकंड स्टेज जोडलेली असलीच पाहिजे. ती काढून ठेवली आणि सीट गळकी निघाली, तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही.

झडप उघडण्याची ओढ मोजायला महागडे यंत्र लागत नाही. टाकी उघडी ठेवून, माउथपीस वर करून सेकंड स्टेज बादलीतल्या पाण्यात अगदी सावकाश खाली न्यावी; हवा सुटू लागते त्या क्षणी डायफ्राम पाण्याखाली किती आहे ते पाहावे. मुख्य सेकंड स्टेजला साधारण २५ ते ३५ मिलिमीटर असले की ठीक. ऑक्टोपस मुद्दाम जरा जड ठेवतात, नाहीतर उडी मारताच तो हवा ओकू लागतो.

उडी मारल्यावर आणि माउथपीस वर झाल्यावर क्षणभर सुटणारी हवा हा बिघाड नव्हे, हेही येथेच सांगतो. तोंड खाली वळवावे, व्हेंच्युरीची (आतल्या हवेच्या झोताची दिशा बदलणारी) कळ ‘प्री-डाइव्ह’वर ठेवावी आणि पाना पिशवीतच राहू द्यावा.

धुताना पर्ज बटन दाबणे

रेग्युलेटर खराब होतो तो समुद्रात कमी आणि धुण्याच्या पिंपात अधिक. डाइव्ह आटोपून बोट किनाऱ्याला लागली की सगळ्यांना जेवणाची घाई असते. रेग्युलेटर टाकीवरून निघतो, पिंपात बुडतो, आणि कोणीतरी ‘आतूनही स्वच्छ व्हावा’ म्हणून पर्ज बटन दाबून तो खळखळवतो. होजमध्ये दाब नसताना पर्ज दाबले की झडप उघडते आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजकडे चालू लागते. आणि ते पाणी तरी कसले? त्याच पिंपात सकाळपासून बूट, वेटसूट आणि वीस मास्क बुचकळलेले असतात, म्हणजे दुपारपर्यंत ते निम्मे समुद्राचेच झालेले असते.

डस्ट कॅपचे, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या झाकणाचे, निराळेच. ओली कॅप टाकीच्या हवेच्या झोताने वाळवण्याची लकब जवळजवळ प्रत्येक गाईडला असते, कारण त्या मोठ्या फुसकाऱ्यात रुबाब आहे. त्या झोताने कॅपवरचे थेंब सरळ फर्स्ट स्टेजच्या तोंडात फेकले जाऊ शकतात. मी खिशात सुती फडके ठेवतो, कॅप आणि तोंड पुसतो, घट्ट बसवतो. यात एक मिनिटही जात नाही. काही कॅपना ओ-रिंग नसते, काहींना भोक असते. अशी कॅप केवळ धुळीसाठी आहे, पाण्यासाठी नाही, हे घेतानाच पाहावे.

आत पाणी गेले की नाही याची साक्ष फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला जाळीदार धातूचा फिल्टर देतो. टॉर्च लावून पाहावा : हिरवट असेल तर खारे पाणी जाऊन पितळ गंजू लागले आहे, तांबूस असेल तर पोलादी टाकीतला गंज येत आहे, काळपट असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरची चौकशी करावी. हिरवा झालेला फिल्टर ब्रशने घासून चकचकीत करून देणारे महाभागही आहेत. फिल्टर बदलायचाच असतो. शिवाय हिरवेपणा तेथे दिसला याचा अर्थ आतली सीट आणि ओ-रिंगही पाहायला हव्यात.

धुण्याची सर्वांत निर्धोक रीत म्हणजे रेग्युलेटर टाकीला जोडलेला आणि हवा चालू ठेवून धुणे. तेव्हा पर्ज खुशाल दाबा, हवा बाहेरच येईल. ते शक्य नसेल तर कॅप घट्ट, पर्ज अजिबात नाही, सेकंड स्टेजच्या तोंडातून नळाची संथ धार आणि अर्धा तास भिजवणे. त्यानंतर सावलीत, होजला मोठे वळण देऊन ठेवावा. दोरीवर होज लोंबकळत, मे महिन्याच्या उन्हात वाळत घातलेले रेग्युलेटर पाहिले की त्यांच्या मालकांना चार शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही.

उरलेल्या चुका

टाकीची कळ पूर्ण उघडून पाव वळसा मागे फिरवण्याची जुनी सवय सोडावी. घाईत कोणी ती पूर्ण बंद करून पाव वळसा उघडतो; पृष्ठभागावर श्वास नीट येतो आणि खाली गेल्यावर हवा अपुरी पडते. पूर्ण उघडावी आणि प्रेशर गेजकडे पाहत तीन-चार खोल श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा डोलत असेल तर कळ अर्धवट आहे किंवा फिल्टर तुंबला आहे.

माउथपीसची झिप टाय दर डाइव्हला बोटाने चाचपावी. ती तुटली तर पाण्याखाली माउथपीस दातांत राहते आणि रेग्युलेटर हातात येतो.

श्वासाबरोबर पाण्याचे तुषार येत असतील तर लगेच सुटे भाग मागवू नयेत. बहुतेक वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली रेतीचा कण किंवा केस अडकलेला असतो, किंवा माउथपीसला चावून भोक पडलेले असते. टाकी बंद करून, होजमधील दाब सोडून सेकंड स्टेज ओढावी आणि जिभेने अडवून धरावी. ओढ टिकली तर सर्व सील ठीक आहेत.

ओ-रिंगला खोबरेल तेल, वंगणाचा फवारा किंवा गाडीचे ग्रीस लावू नये. आपल्याकडे खोबरेल तेल हाताशी असते म्हणून ते सर्वत्र लागते, पण उच्च दाबाच्या हवेच्या मार्गात, त्यातही नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरणार असाल तर, तेलकट पदार्थाने पेट घेण्याचा धोका असतो. ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनसाठी साधे सिलिकॉन ग्रीसही चालत नाही आणि टायटॅनियमचा फर्स्ट स्टेजही नाही.

क्रोम केलेले पितळी भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवू नयेत. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटे पुरतात, त्यापुढे क्रोमच सुटू लागते.

ऑक्टोपस वाळूत लोळू देऊ नये. तो दुसऱ्याच्या जिवासाठी असतो आणि ज्याची हवा संपली आहे त्याच्या तोंडात पहिल्या श्वासाला रेती जाणे क्षम्य नाही.

पावसाळ्यातले चार महिने आणि सर्व्हिसिंग

‘डाइव्ह केलेच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?’ हा प्रश्न ऑक्टोबरमध्ये हमखास येतो. जून ते सप्टेंबर बंद पिशवीत, कोकणच्या दमट हवेत पडलेला रेग्युलेटर वापरातल्या रेग्युलेटरपेक्षा वाईट अवस्थेत निघतो. आत राहिलेल्या थेंबभर खाऱ्या पाण्याला निवांत चार महिने मिळालेले असतात, माउथपीसमध्ये बुरशी धरते आणि दाब नसताना सेकंड स्टेजची स्प्रिंग सीटला ऑरिफिसवर दाबून ठेवते, त्यामुळे न वापरताही खाच पडते. ज्यांना बाहेरून फिरवायची कळ आहे त्यांनी ती पूर्ण सैल करून ठेवावी, हा भार बराच कमी होतो. ॲटॉमिकसारख्या काही रेग्युलेटरमध्ये दाब नसताना ऑरिफिस आपोआप मागे सरकण्याची सोय असते. किमतीतला फरक पाहताना ही गोष्ट हिशेबात धरावी. ठेवण्यापूर्वी दोन दिवस उघड्यावर सावलीत वाळवावा, पिशवीची चेन उघडी ठेवावी आणि महिन्यातून एकदा टाकीला जोडून दहा-वीस श्वास घ्यावेत.

सर्व्हिसिंगची मुदत कंपनीगणिक निराळी असते. कोणी वर्षाला सांगते, कोणी दोन वर्षांनी किंवा ठरावीक डाइव्हनंतर. ती पुस्तिकेत पाहावी, मित्राला विचारू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व्हिसिंगहून आलेला रेग्युलेटर थेट बोटीवर नेऊ नये. नव्या सीटला बसायला थोडा अवधी लागतो आणि काही वेळा आयपी पहिल्या काही वापरांत हलतो, म्हणून मी तो आधी टाकीला जोडून, वीस-पंचवीस वेळा पर्ज करून पुन्हा गेज पाहतो आणि पहिली डाइव्ह पाच मीटरच्या आत करतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : काढलेले जुने भाग पिशवीत घालून, आणि आयपी व झडपेच्या ओढीचे आकडे कागदावर लिहून. चांगला कारागीर दोन्ही न मागता देतो. जो ‘ते कशाला हवेत?’ असे विचारतो, त्याच्याकडे पुढच्या वेळी रेग्युलेटर नेऊ नये.